जन्मानंतर उद्भवणारी श्रवणहानी : ओळख आणि तपासणी

प्रसूतिगृहातील चाचणीत बालकाचे दोन्ही कान निर्दोष आढळले, की श्रवणाचा प्रश्न कायमचा सुटला असे अनेक पालक मानतात. वस्तुतः ती चाचणी केवळ त्या वेळची स्थिती दर्शवते. काही बालकांची श्रवणशक्ती पुढील महिन्यांत वा वर्षांत क्षीण होत जाते. हाच काळ भाषा आत्मसात करण्याचा असल्याने निदानातील विलंबाचा थेट परिणाम बालकाच्या वाचेवर होतो.

गर्भावस्थेत सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग झालेली काही बालके जन्मतः व्यवस्थित ऐकतात. हानी मागाहून प्रकट होते. काही आनुवंशिक दोषांचेही असेच आहे. गोवर, गालगुंड तसेच जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके हीदेखील कारणे आहेत. जंतुजन्य मेंदुज्वराचा मात्र स्वतंत्र उल्लेख करावा लागेल. या आजारानंतर अंतर्कर्णातील शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, हाड तयार होऊ लागण्याचा धोका असतो आणि तसे झाल्यास कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया अवघड होते. त्यामुळे ताप उतरल्यावर काही महिने वाट न पाहता शक्यतो रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच श्रवणचाचणी करणे आवश्यक ठरते.

सर्वाधिक आढळणारे कारण तुलनेने सौम्य आहे. वारंवार होणारी सर्दी किंवा वाढलेले ऍडेनॉइड यांमुळे कानाच्या पडद्यामागे द्रव साचतो. त्यात बहुधा वेदना नसते आणि श्रवणशक्ती कमीजास्त होत राहते. मूल आज ऐकते, उद्या ऐकत नाही. साहजिकच ते हट्टी किंवा दुर्लक्ष करणारे ठरते. पुष्कळदा हा द्रव आपोआप ओसरतो, परंतु तीन महिने टिकून राहिल्यास श्रवणचाचणी करावी. कान वाहत असताना त्यात तेल घालण्याची प्रथा अपायकारक आहे.

हाक मारल्यावर न वळणे, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहणे, दूरचित्रवाणीचा आवाज वाढवणे, ‘स’ किंवा ‘श’ यांसारखी व्यंजने गाळणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर ती बाब तातडीची समजावी. एकाच कानाची हानी असलेले मूल आवाजाची दिशा चुकते. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या घरगुती दिलाशाने मौल्यवान वर्ष वाया जाते. थाळी वाजवून पाहण्याची पद्धतही फसवी आहे, कारण मूल हालचाल पाहूनही वळते, शिवाय थाळीचा मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला हळू आवाजातील संभाषण ऐकू येईलच असे नाही.

तान्ह्या बालकाच्या तपासणीसाठी ओएई आणि बेरा या वेदनारहित चाचण्या आहेत. ओएई कॉक्लियाचा प्रतिसाद नोंदवते. श्रवणतंतूतील दोष तिच्यात उमटत नाही. त्यासाठी झोपलेल्या बालकाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून बेरा करतात. साधारण तीन वर्षांचे मूल खेळातून तपासता येते : आवाज ऐकू आला की त्याने ठोकळा डब्यात टाकायचा. जोखमीच्या गटातील बालकांची तपासणी पहिली चाचणी निर्दोष आली तरी पुन्हा करावी लागते.

केंद्र सरकारने २००७ मध्ये २५ जिल्ह्यांत बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. २०१३ मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथकांनी अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शालेय मुलांची एकदा तपासणी करणे अपेक्षित आहे. तपासणीच्या दिवशी मूल गैरहजर असल्यास ही संधी हुकते. त्यासाठी पालकांनी अंगणवाडी सेविकेकडे तारीख विचारून ठेवावी. संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्यात येते. सविस्तर निदान व वाचोपचारांची सोय म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था तसेच मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथे उपलब्ध आहे.