पटाचा छकडा : चाके व धावा

विदर्भातील शंकरपटात, म्हणजेच बैलजोड्यांच्या शर्यतीत, धावणारी दोन चाकांची हलकी गाडी. यवतमाळ जिल्ह्यात मालवाहू बैलगाडीला बंडी म्हणतात. छकडा बंडीहून लहान, एका धुरकऱ्यापुरता, म्हणजे हाकणाऱ्यापुरता. खरिपाचे पीक घरी आल्यावर पटांचा हंगाम सुरू होतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विदर्भभर नावाजलेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. चाबूक, काठी आणि विजेचा झटका यांना नियमांनी मनाई आहे. बैलाला न मारता वेग मिळवायचा तर गाडी सहज ओढली जाईल अशी हवी, म्हणून चाकाची निवड आता पूर्वीपेक्षाही मोलाची आहे.

लाकडी चाकात मध्ये तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि त्यांवर लोखंडी धाव असते. तुंब्याच्या भोकात लोखंडी आवण बसवून त्यातून आख घालतात. चाक निसटू नये म्हणून बाहेरून कुणी, म्हणजे खीळ, ठोकतात. तुंबा आणि पुठ्ठ्यांसाठी चिवट बाभूळ वापरतात. यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलात मिळणारा धावडा आखासाठी पूर्वापार पसंत केला गेला. पुढे लोखंडी आख आले.

धाव पुठ्ठ्यांच्या घेऱ्यापेक्षा किंचित लहान घडवतात आणि शेणीच्या जाळात तापवून चढवतात. १.४ मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४.४ मीटर भरतो. लोखंडाचे तापमान ५०० अंश सेल्सिअसने वाढले की तेवढी धाव जवळजवळ २६ मिलिमीटर लांबते. चढवताच पाणी ओतले की ती आकसते आणि सगळे सांधे एकमेकांत दाबून बसवते. सुताराच्या आणि लोहाराच्या कामाचा इतका नेमका मेळ क्वचितच दुसऱ्या एखाद्या शेती-अवजारात दिसतो.

पटासाठी चाक निवडताना पहिला विचार घेऱ्यावरच्या वजनाचा. तिथले एक किलो वेग घेताना साट्यावरच्या, म्हणजे गाडीच्या वरच्या सांगाड्यावरच्या, जवळपास दोन किलोंइतके जड पडते, कारण ते पुढे न्यावेही लागते आणि फिरवावेही लागते. म्हणून साटा तासून हलका करण्याआधी पुठ्ठे आणि धाव हलकी करणे शहाणपणाचे. मोठे चाक खळगे सहज ओलांडते, पण जड असते. पटाची वाट आधीच सपाट केलेली असल्याने तिथे लहान चाक चालते. अरुंद धाव कडक मुरमावर हलकी धावते, मात्र कपाशीच्या काळ्या जमिनीत ती रुतते आणि ओढ बैलांच्या खांद्यावर येते. धाव फार पातळ केली तर आरे आणि पुठ्ठे सैल पडतात. भर वेगात चाक मोडले तर जोडी आणि धुरकरी दोघांच्या जिवावर बेतते, तेव्हा हलकेपणाचा हव्यास इथेच थांबायला हवा.

रबरी टायर हे वेगळेच प्रकरण आहे. बैलगाडीसाठी खास टायर निघतात, ७.००-१९ अशा मापातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. हवेचा टायर जमिनीवर भार पसरवतो, त्यामुळे कापसाच्या बंडीला किंवा उसाच्या गाडीला तो वरदान ठरतो. पटाच्या रिकाम्या छकड्याला मात्र तो अकारण जड आहे. हवा कमी असेल तर ओढही वाढते.

कडक उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते आणि धाव ढिली पडते; तेव्हा चाके पाण्यात भिजत ठेवतात. पटाआधी धाव हातोडीने ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर ती सैल आहे. आवणातले वंगण बदलावे, कुणी तपासावी आणि चाक आखावर हाताने फिरवून ते डुगडुगत नाही ना, हे पाहावे.