अवकाशसंकेतांचे ध्वनिरूपांतर

अवकाशसंकेतांचे ध्वनिरूपांतर : दुर्बिणींनी टिपलेल्या खगोलीय संकेतांना ठरावीक नियमाने ऐकू येणारे रूप देण्याची पद्धती. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात संकेतातील चढउतार जसेच्या तसे, फार तर वेग बदलून, ध्वनिवर्धकातून ऐकवतात. दुसऱ्यात तेजस्विता, स्थान, ऊर्जा यांना माणूस स्वर आणि वाद्ये नेमून देतो. दोहोंना सरसकट ‘विश्वाचे संगीत’ म्हटले जाते, पण नियम उघड असेल तरच अशा नादाला पुराव्याचे मोल येते.

पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण पल्सारचे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओस्पंद धाडणाऱ्या फिरत्या ताऱ्यांचे. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण अशा ताऱ्यांचा वेध घेते. वेला पल्सारचे सेकंदाला सुमारे ११ स्पंद द्रुत ठेक्यासारखे सुटे ऐकू येतात. बी१९३७+२१ या पल्सारचे सुमारे ६४२ स्पंद मिसळून त्यांचा अखंड स्वर होतो. लय आणि स्वर यांत अंतर वेगाचेच, हे येथे कानाला कळते. निर्वात पोकळीत ध्वनी कुठला, हा आक्षेप येथे लागू नाही. येतात त्या रेडिओलहरी, ध्वनी पृथ्वीवर घडतो. पर्सियस दीर्घिकासमूहातील वायूत मात्र खऱ्याच दाबलहरी आहेत. त्या ५७ आणि ५८ सप्तके वर चढवून नासाने २०२२ मध्ये ऐकवल्या.

दुसऱ्या प्रकारावरचा आक्षेप अधिक गंभीर आहे : स्वर माणसानेच निवडले, तर गोडवा ताऱ्याचा की निवडणाऱ्याचा? या प्रश्नाची उलटी बाजू सांगलीने पाहिली आहे. तेथील कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या ग्रंथात सप्तकातील २२ श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांची, गुणोत्तरे मांडली. पुढे मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ यांचा गळा या कामी आला. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ती मांडणी पटली नाही. तेथे नाद आकड्यांत उतरत होता, येथे आकडे नादात उतरतात. मोजमाप आधीच मनात ठरलेल्या सप्तकात बसवण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच.

म्हणून माणसाचा हात लागला की सारे खोटे, असेही नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीमुळे येणारा गुंजारव, तटस्थ नसते. कारागीर घोडी घासून तिला बाक देतो, तारेखाली सुताचा ‘जीव’ सरकवून नाद खुलवतो. तार जिथे छेडली त्यामुळे जे उपस्वर दबायला हवेत, तेही या घोडीवर उमटतात, हे भौतिकशास्त्रज्ञ चं. वें. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले. तरी तंबोरा खोटा ठरत नाही, कारण घोडीचा वाटा किती ते ठाऊक असते. ध्वनिरूपांतराची कसोटी तीच : नियम उलटा चालवून नादातून मूळ आकडे परत मिळावेत. ते मिळत नसतील, तर ती ताऱ्यावरून सुचलेली बंदिश. सुरेल असेल, पुरावा नव्हे.