विहिरींवरची कवाडे

1918 साली मुंबईच्या तारापोरवाला यांनी ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. विषय जलपूजेचा, विहिरीत वास करणाऱ्या सत्पुरुषांचा आणि भुताखेतांचा. लेखक रुस्तम पेस्तनजी मसानी. लोकसमजुतींच्या अभ्यासकाने असे पुस्तक लिहावे यात नवल नाही. पण त्या काळात मसानी मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे चिटणीस होते. सभांची इतिवृत्ते, समित्यांचे ठराव, नागरिकांचे अर्ज, सारे त्यांच्या कचेरीतून जात असे. पुढे 1922 साली ते म्युनिसिपल कमिशनरही झाले. त्यांच्या या पुस्तकाचा उगम नगरपालिकेच्या रोजच्या कारभारात आहे. मालकांना विहिरी बुजवण्याच्या किंवा झाकण्याच्या नोटिसा गेल्या, त्यांना विरोध करणारे अर्ज आले, आणि त्या अर्जांतून मुंबईच्या विहिरींतली अदृश्य वस्ती कागदावर उतरली.

या नोटिसा का निघाल्या, हे कळण्यासाठी आधी दुसरा कागद उघडावा लागतो. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून 1911 मध्ये अहवाल सादर केला. हिवताप डासांमुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्येच दाखवले होते. दलदल आणि खाजण ही डासांची घरे, असा सर्वसाधारण समज होता. पण मुंबईतली बरीचशी खाजणे तोवर भरून निघाली होती आणि ताप मात्र कोट भागातल्या दाट वस्तीत ठाण मांडून होता. उत्तर एका विशिष्ट डासात सापडले. अॅनॉफिलिस स्टीफेन्साय या जातीला घाण पाणी लागत नाही. विहीर, टाकी, हौद यांतले स्वच्छ, संथ पाणी तिला पुरते. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन ग्लेन लिस्टन यांनी 1901 मध्ये केले, तेही वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या नमुन्यांवरून. शहराबाहेर शोधला जाणारा रोगाचा उगम अशा रीतीने घराच्या चौकात आला. बेंटलींनी गोदीच्या बांधकामाकडेही बोट दाखवले होते. अलेक्झांड्रा गोदीचे काम तेव्हा चालू होते, ती खुली झाली 1914 मध्ये. पण गोदी एक होती आणि विहिरी असंख्य, शिवाय त्यांतल्या बहुतेक खाजगी मालकीच्या. म्हणून नगरपालिकेचा हात पोचणार होता तो विहिरींपर्यंतच.

कागद येथवर एकमेकांशी जुळतात. पुढचा प्रश्न अवघड आहे: निर्णय घेतला कोणी? 1888 च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानुसार अंमलबजावणीचे अधिकार सरकारने नेमलेल्या कमिशनरकडे होते. उपद्रवकारक विहीर किंवा डबके साफ करा, झाका, बुजवा, अशी लेखी नोटीस काढणे हे त्याचे काम. आरोग्य खाते त्याच्या हाताखाली, आणि त्या खात्याचे प्रमुख तेव्हा डॉ. जे. ए. टर्नर. नुसता कायदा वाचला तर कॉर्पोरेशनच्या सभेत विहिरीचा विषय निघण्याचे कारणच दिसत नाही.

तरी तो निघाला. कसा, याचा अंदाज कायद्यातल्याच दुसऱ्या तरतुदींवरून बांधता येतो. कॉर्पोरेशनचे सभासद 72. त्यांपैकी 36 वॉर्डांतल्या करदात्यांनी निवडलेले, 16 जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, प्रत्येकी दोन विद्यापीठाच्या फेलोंनी आणि चेंबर ऑफ कॉमर्सने, आणि उरलेले 16 सरकारनियुक्त. खर्चाची मंजुरी याच सभेच्या हाती होती. नोटीस ज्याच्या दारावर चिकटायची तो घरमालक बहुधा मतदार, आणि सभागृहात बसलेला सभासद पुष्कळदा स्वतःच घरमालक. कमिशनरची सही अंतिम असली, तरी अर्जाला सभागृहाची वाट मोकळी होती. हा माझा तर्क आहे. पण अर्जांचा ढीग चिटणिसापर्यंत पोचला, या निर्विवाद गोष्टीशी तो सुसंगत आहे.

आता ते अर्ज. मसानींनी नोंदवलेल्या हरकतींचा गाभा असा: या विहिरीत एका सत्पुरुषाचा वास आहे, ती बंद केली तर घरातल्या माणसांच्या जिवाला धोका आहे. विहिरीच्या कोनाड्यात दिवा लावण्याची, फुले-नारळ वाहण्याची चाल हिंदूंत होती, तशीच पारशांतही होती. एकच श्रद्धा दोन धर्मांच्या घरांत जवळजवळ सारख्याच रूपात आढळते, आणि मसानींच्या साक्षीचे मोल मला येथे सर्वांत जास्त वाटते. ते स्वतः पारशी होते. हे आचार त्यांनी घरातूनही पाहिले असणार आणि कचेरीतूनही.

साक्ष मोलाची असली तरी ती पारखून घ्यायला हवी. झाकण बसवायला पैसे पडतात, पंप बसवायला त्याहून अधिक. विहीर बुजवली की नळाच्या पाण्यावर भार येतो. मग सत्पुरुषाचा उल्लेख म्हणजे खर्च टाळण्याची सबब होती का? काही अर्जांच्या बाबतीत ते शक्य आहे. शिवाय लोकसमजुती जमवणाऱ्या माणसाचे लक्ष चमत्कारिक अर्जाकडे आधी जाणार. ‘सध्या पैसे नाहीत, मुदत द्या’ असे लिहिणारा मालक त्याच्या पुस्तकात शिरण्याची शक्यता कमी. म्हणजे मसानींच्या पुस्तकावरून श्रद्धेचे स्वरूप कळते, तिचे प्रमाण कळत नाही. सगळेच बहाणे होते, असेही मात्र म्हणता येत नाही. इंग्रज आरोग्याधिकाऱ्यासमोर कायद्यातला मुद्दा मांडावा की विहिरीतल्या पिराचा, याचा हिशेब करणाऱ्या माणसाने पीर निवडला नसता. ज्याला भीती खरी वाटते तोच ती सरकारी अर्जात लिहितो, असे मी मानतो.

पारशी समाजाची एक हरकत याहून वेगळी आणि अधिक नेमकी होती. धर्मविधींसाठी विहिरीचे पाणी हवे आणि त्या पाण्याला सूर्याचा स्पर्श हवा. ही बाब कोणा एका घराच्या भीतीची नव्हती. ती अग्यारीच्या आचाराची होती. तिला कागदाबाहेरचाही पुरावा आहे: चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर. ती 1725 मधली आहे आणि आजही तेथे प्रार्थना चालते. शहरातले धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक केवळ नावापुरते उरले असताना ही विहीर टिकली, यावरून त्या हरकतीचे वजन लक्षात येते.

यावर निघालेला तोडगा साधा होता. धार्मिक उपयोगाची विहीर बुजवायची नाही; ती झाकायची आणि झाकणात उघडझाप करता येईल असे कवाड ठेवायचे. मी या कवाडापाशी बराच थांबतो, कारण त्यात दोन्ही पक्ष दिसतात. आरोग्य खात्याला विहीर पूर्ण बंद हवी होती. अर्जदाराला ती पूर्ण उघडी हवी होती. कवाड बंद असेल तर पाण्याला ऊन लागत नाही आणि उघडे असेल तर डासाला वाट मिळते. ते दिवसातून किती वेळ उघडे ठेवायचे, हे ठरवणार घरातले माणूस. तेथे ना कमिशनर असणार ना निरीक्षक. निर्णयाचा उरलेला अर्धा भाग अशा रीतीने रहिवाशाच्या हाती गेला.

या साऱ्या कागदांत एक आवाज ऐकू येत नाही, तो भाडेकरूचा. नोटीस मालकाला, अर्ज मालकाचा, सभासद मालकाच्या मताचा. 1922 च्या दुरुस्तीने महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले, सभासदसंख्या 106 झाली आणि त्यांतले 76 निवडून येऊ लागले. त्याआधीच्या दशकात विहिरीभोवतीच्या खोल्यांत तापाने फणफणणाऱ्या कुटुंबाला आपले म्हणणे या सभागृहात पोचवण्याचा सरळ मार्ग नव्हता. विहीर बंद व्हावी, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले असेल का? की तेही कोनाड्यातल्या दिव्याला हात जोडत होते? दोन्ही गोष्टी एकाच घरात असू शकतात, आणि हा इतिहास लिहिणाऱ्याने त्यांच्या वतीने मत देऊ नये.

शेवटचा कागद 1928 चा. मेजर गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईतल्या हिवतापाची नव्याने पाहणी केली आणि तोच डास विहिरी व टाक्यांत पुन्हा सापडला. बेंटलींच्या अहवालाला तेव्हा 17 वर्षे झाली होती. मधल्या काळात मोहीम ढिली पडली, हे एक कारण संभवते. दुसरे म्हणजे झाकणे बसली, पण बंद राहिली नाहीत. मालकाने कवाड मागितले ते उघडण्यासाठीच. मसानींचे अर्ज आणि कोव्हेल यांची पाहणी शेजारी ठेवून वाचली की माझा कल या दुसऱ्या कारणाकडे झुकतो.