टे नदीवरचे दोन पूल

आमचे घर महाडचे. पुलाची गोष्ट निघाली की आमच्या गावात अजूनही बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्याच दिवशी दुपारी मी त्या पुलावरून गेलो होतो. खिडकीला डोके टेकून, डुलक्या घेत! तेव्हापासून कोणताही पूल आला की माझी झोप उडते.

अशा मनुष्याला त्याच्या लेकीने परमुलखात सवादोन किलोमीटरांचा पूल पायी ओलांडायला न्यावे, ही गंमतच म्हणायची. थोरली मुलगी स्कॉटलंडात डंडी गावी असते. तिच्याकडे गेलो असता ती म्हणाली, "बाबा, उद्या पलीकडे न्यूपोर्टला जाऊ. चालतच." मी गुडघ्याचे कारण सांगून पाहिले. ते चालले नाही.

डंडीसमोर टे नदी समुद्राला मिळण्याआधी इतकी रुंदावते की तिला नदी म्हणावे की खाडी, असा प्रश्न पडावा. आपल्या दाभोळची किंवा बाणकोटची खाडी डोळ्यांपुढे आणा आणि तिच्यावर करडे आभाळ पसरा. गाव तागाचे. बंगालचा ताग येथे येई आणि येथून गोणपाट जगभर जाई. आपल्याशी या गावाचे आणखी एक नाते आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू करणारे पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबईस आले, त्याआधी १८८८ पासून ते येथेच वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

सडकेचा पूल १८ ऑगस्ट १९६६ रोजी खुला झाला. तो रचणारे विल्यम फेअरहर्स्ट हे स्कॉटलंडचे नाणावलेले बुद्धिबळपटूही होते. दोन्ही अंगांनी मोटारी धावतात आणि त्यांच्या मधोमध, जरा उंचावर, पायी जाणाऱ्यांची वाट आहे. पूल न्यूपोर्टच्या बाजूला उंच आणि डंडीकडे उतरता. त्यामुळे जाताना सारखा चढ लागतो. वारा असा की बोलणे तोंडातून निघताच पळवून नेतो. उजव्या हाताला, नदीच्या वरच्या अंगाला, रेल्वेचा पूल दिसत होता. मुलगी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "खरी गोष्ट तिकडे आहे."

न्यूपोर्टला चहा घेऊन आम्ही काठाकाठाने कोसभर चालत वर्मिटला आलो. तेथे रेल्वेचा पूल अगदी जवळून दिसतो. ओहोटी होती. पुलाच्या शेजारी, ओळीने, पाण्यातून जुन्या खांबांचे बुंधे वर आले होते. दात पडलेल्या जबड्यासारखी ती ओळ पाहून माझ्या पोटात कसेसेच झाले.

तो पहिला पूल. थॉमस बाउच नावाच्या इंजिनियराने तो रचला. लांबी जवळजवळ दोन मैल. जून १८७८ पासून त्यावरून उतारू जाऊ लागले. १८७९ च्या उन्हाळ्यात व्हिक्टोरिया राणी त्यावरून गेली आणि बाउचसाहेब 'सर' झाले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, भयंकर वादळात एक गाडी वर्मिटकडून पुलावर चढली. खालून गलबते जावीत म्हणून मधले तेरा गाळे उंच ठेवले होते. गाडी त्यांत शिरली आणि ते तेराही गाळे गाडीसकट नदीत कोसळले. एकही माणूस वाचला नाही.

डंडीचा स्टेशनमास्तर आणि इंजिनांचा फोरमन त्या वाऱ्यात अंधारातून पुलावर सरपटत गेले. पुलावरून न्यूपोर्टला पाण्याचा नळ जात असे. तो फुटून पाणी काळोखात कोसळताना त्यांनी पाहिले; त्यापुढे पूल नव्हता. मेलेले पंचाहत्तर, असे पुष्कळ वर्षे सांगत. २०१३ साली दोन्ही तीरांवर स्मारके उभी राहिली, त्यांवर खात्रीने ठाऊक असलेली एकोणसाठ नावे कोरली आहेत.

पुढे चौकशी बसली आणि तीत जे निघाले ते ऐकण्यासारखे आहे. वाऱ्याच्या रेट्याचा खास हिशेब बाउचने धरलाच नव्हता. ओतीव खांबांत पोकळ्या राहिल्या होत्या, त्या मेण आणि लोखंडाचा कीस यांच्या लुकणाने बुजवून वर रंग दिला होता. पुलावर देखरेखीला जो माणूस नेमला होता, त्याची हयात विटांच्या कामात गेलेली. लोखंडाची त्याला माहिती नव्हती. खांबांचे ताण सैल होऊन खडखडताना त्याने ऐकले, तेव्हा त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे लोखंडाच्या पाचरी ठोकल्या. खडखड थांबली. त्याने ते बाउचला कळवले नाही. पूल हलतो, हे रंगाऱ्यांनाही जाणवत होते. डंडीचे एक माजी नगराध्यक्ष न्यूपोर्टला राहत. गाडी पुलावरून फार वेगाने जाते, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिले आणि तक्रारही केली. फरक पडेना, तेव्हा त्यांनी डंडीकडे येताना गाडी सोडून पुन्हा बोट धरली.

बाउच पुढच्याच ऑक्टोबरात वारला. १८८७ साली शेजारीच दुसरा पूल झाला, तोच आज वापरात आहे. जुन्या पुलाच्या काही तुळया त्यात घातल्या आहेत. नदीत पडलेले इंजिनही वर काढून दुरुस्त केले. ते १९१९ पर्यंत धावत होते. लोक त्याला 'पाणबुड्या' म्हणत!

मुलगी हसली. मला हसू आले नाही. मला त्या विटांच्या माणसाचा राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. सावित्रीच्या पुलाच्या दगडांत उगवलेली रोपे मी वर्षानुवर्षे पाहत होतो. पावसाळ्यात ती हिरवीगार होत. मी शाळामास्तर, पुलाकडे बोट करून मुलांना 'पाहा, दगडातूनही जीव कसा उगवतो' असे मोठ्या कौतुकाने सांगत असे. पूल त्या रोपांनीच पडला असे मी म्हणत नाही. ते सांगणे जाणत्यांचे काम. पण मी ती पाहिली होती आणि कुणाला एका कार्डाने कळवले नव्हते. त्या बिचाऱ्याने निदान पाचरी तरी ठोकल्या.

परतताना उतार होता. वारा पडला होता. पुलाच्या मध्यावर मी थांबलो आणि प्रथमच खाली पाण्याकडे नीट पाहिले.

गावी आल्यावर आमच्या वाडीकडे जाणाऱ्या साकवाच्या कठड्यात पिंपळाचे एक रोप दिसले. वीतभर उंचीचे, कोवळे, तांबूस पानांचे. त्याच संध्याकाळी संबंधित कचेरीला पत्र टाकले. उत्तर आले नाही. दुसरे टाकले. पावसाळ्याच्या तोंडाशी दोन माणसे कोयते आणि सिमेंटची पिशवी घेऊन आली आणि मलाच विचारू लागली, "मास्तर, कुठलं ते झाड?"