ॲप्ट : आवृत्तीची निवड

डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेजे बसवणारी, अद्ययावत करणारी व काढून टाकणारी आज्ञावली. एका पॅकेजच्या अनेक आवृत्त्या उपलब्ध असल्यास कोणती घ्यायची, हेही तीच ठरवते.

डेबियनची मुख्य भांडारे तीन : स्टेबल, टेस्टिंग व अनस्टेबल. नवे पॅकेज सहसा आधी अनस्टेबलमध्ये येते. या भांडाराचे कायमचे नाव सिड. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या खेळणी मोडणाऱ्या मुलावरून पडलेले, आणि शोभणारेही. काही दिवसांत नवा गंभीर दोष निघाला नाही, तर पॅकेज टेस्टिंगमध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवून, त्यातले दोष निवारून नवे स्टेबल प्रसिद्ध होते.

पॅकेज चांगले की वाईट, हे ॲप्टला कळत नाही. ती फक्त आकडे पाहते. प्रत्येक आवृत्तीला अग्रक्रमाचा आकडा मिळतो : बसवलेल्या आवृत्तीला 100, भांडारातल्या आवृत्तीला एरवी 500, आणि वापरकर्त्याने पसंतीचे म्हणून नेमलेल्या भांडारातलीला 990. मोठ्या आकड्याची आवृत्ती निवडली जाते. आकडे सारखे असतील तरच नवी आवृत्ती जुनीवर मात करते. नवखे फसतात ते इथेच. स्टेबलच्या जोडीला सिडचा पत्ता नुसता लिहून ठेवला, की दोन्हींना 500 मिळतात आणि पुढच्या अद्ययावतीकरणात यंत्र जवळजवळ सगळे सिडवर जाते. परत फिरणे अवघड, कारण अग्रक्रम 1000 वा अधिक असल्याखेरीज ॲप्ट जुनी आवृत्ती पुन्हा बसवत नाही. म्हणून सिड जोडण्यापूर्वी स्टेबलला पसंतीचे भांडार नेमावे लागते, किंवा प्रेफरन्सेस फाइलमध्ये सिडचा अग्रक्रम उतरवावा लागतो.

एक्स्परिमेंटल भांडाराचा आकडा 1 आहे, त्यामुळे तिथले पॅकेज सहसा मुद्दाम मागितल्यावरच येते. स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या पुरवणाऱ्या बॅकपोर्ट्सचा आकडा 100. तिथले पॅकेज आपण होऊन येत नाही, पण एकदा बसवले की पुढे तिथूनच अद्ययावत होत राहते. ही तडजोड कल्पक आहे.

आवृत्तिक्रमांकातील लहरी रेघेलाही अर्थ आहे. ‘2.0~आरसी1’ अशी चाचणी-आवृत्ती ‘2.0’ च्या आधीची मानली जाते, त्यामुळे अंतिम आवृत्ती आल्यावर ती मागे पडते.

आकडे नीट लावूनही भांडारांची सरमिसळ जोखमीचीच. सिडमधले एक पॅकेज नव्या सी लायब्ररीची मागणी करते आणि तिच्यामागून इतर पॅकेजेही बदलू लागतात. असे मिश्रण टाळण्याचा सल्ला खुद्द डेबियन प्रकल्पच देतो. ॲप्टची ‘पॉलिसी’ ही आज्ञा पॅकेजच्या नावासह दिल्यास सर्व आवृत्त्या, त्यांचे अग्रक्रम आणि निवडली जाणारी आवृत्ती काही न बसवता पाहता येते.