सेटचा धूर

बंगळूरच्या हवेचा इतिहास सांगताना कोळसा जवळपास वगळावा लागतो. कलकत्त्याला 1905 साली आणि मुंबईला 1912 साली धुराविरुद्ध कायदे करावे लागले, कारण तिथे गिरण्या आणि बॉयलर. बंगळूरला वीज आली ती कावेरीच्या धबधब्यातून. शिवनसमुद्रचं केंद्र 1902 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी सुरू झालं. तीच वीज 5 ऑगस्ट 1905 रोजी शहरात पोचली आणि सिटी मार्केटच्या बाजूला रस्त्यावर दिवे लागले. ‘आशियात पहिली वीज आमच्याकडे’ असं इथला रिक्षावालाही छाती फुगवून सांगतो. दार्जिलिंगला 1897 सालीच पाण्यावरची वीज आली होती, पण मी वाद घालत नाही, मीटर चालू असतो. रेल्वेची इंजिनं होती, बिन्नीची गिरणी होती, घरोघरी लाकडाच्या चुली होत्या. तरी मुंबईसारखं चिमण्यांचं रान इथे कधी उगवलं नाही.

मी बेळगावचा. ऐंशीच्या दशकात डिझेल मेकॅनिक म्हणून इथे आलो आणि धबधब्याच्या विजेचा तोरा मिरवणाऱ्या या शहरात जनरेटर दुरुस्त करून घर चालवलं. पाण्याची वीज म्हणजे पावसाची वीज. शरावतीवरचं लिंगनमक्की धरण साठच्या दशकातलं, राज्याचा केवढा तरी भार त्याच्यावर. पाऊस रुसला की कपात. रायचूरचं कोळशाचं केंद्र 1985 साली सुरू झालं, म्हणजे धूर तिकडे आणि दिवे इकडे, पण तेही पुरं पडेना. संध्याकाळी चिकपेटेच्या बाजारात ‘करेंट होय्तु’, म्हणजे वीज गेली, अशी आरोळी उठली की दुकानांच्या पायऱ्यांवर रॉकेलचे छोटे जनरेटर केकाटायला लागत. पुढे होसूर रोडला आणि व्हाइटफिल्डला संगणकाच्या कंपन्या आल्या. त्यांना क्षणभर वीज गेलेली चालत नसे. मग मोठे डिझेलचे जनरेटर सेट आले, आणि त्यांच्यामागून अपार्टमेंटांचे.

बिल्डरांची एक खोड मला कधीच पटली नाही. सेट घ्यायचा भला मोठा, आणि रात्री त्याच्यावर भार काय, तर एक लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे. डिझेल इंजिनाला भार लागतो. तो नसला की सिलिंडर नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, नोझलवर काजळी धरते, सायलेन्सरच्या तोंडातून काळं तेलकट पाणी गळायला लागतं. सोसायटीचे सेक्रेटरी मला बोलवायचे ते त्या गळतीसाठी. हवेत गेलेल्या काजळीसाठी कुणी फोन केला नाही.

आमच्या धंद्यात एक सूत्र सगळ्यांना पाठ असतं: इमारतीच्या उंचीवर, सेटच्या केव्हीएतल्या ताकदीच्या वर्गमुळाला 0.2 ने गुणून येतील तितके मीटर पाइप वर न्यायचा. 400 केव्हीएला चार मीटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हा नियम वाईट नाही, गच्चीवर कपडे वाळत घालणारीला त्याचा उपयोग होतो. पण त्यात असं गृहीत आहे की पाइपातून निघतो तेवढाच धूर.

ते खरं नाही, हे लॉस एंजेलिसला आधी कळलं. 1952 च्या डिसेंबरात लंडनमध्ये हजारो माणसं गेली तो धूर कोळशाचा होता, डोळ्यांना दिसणारा. लॉस एंजेलिसला तसा कोळसा नव्हता आणि तरी हवा डोळ्यांना झोंबत होती. अननसाच्या वासाचं रसायन शोधत बसलेल्या आरी हागेन-स्मिट या डच शास्त्रज्ञानं 1950 च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांतून निघालेले वायू उन्हात एकमेकांशी झटापट करून नवेच पदार्थ तयार करतात. बंगळूरची भावकी या शहराशी आहे, लंडनशी नाही.

इंजिनाच्या आतल्या उष्णतेनं हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळतात. त्यातून झालेला वायू पाइपातून वायू म्हणूनच निघतो, दिवसा उन्हात त्याचं नायट्रिक आम्ल होतं. गटारं, गोठे, खतं आणि सांडपाण्यानं भरलेली तळी यांतून अमोनिया येतो. दोघांची गाठ पडली की अमोनियम नायट्रेटचा घन कण तयार होतो, अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे नाकातल्या केसांना न जुमानता थेट फुप्फुसात. या कणाला थंडी आणि ओल मानवते. दुपारच्या उष्णतेत त्यातला बराचसा पुन्हा वायू होतो. जानेवारीतल्या ज्या गार सकाळींचं आम्ही पुण्यामुंबईच्या पाहुण्यांकडे कौतुक करतो, त्या त्याच्याही आवडत्या.

डिझेलमधल्या गंधकाचंही असंच, फक्त त्याचा सल्फेट दुपारीही विरत नाही. गंधक मी हातानं ओळखायचो: इंजिन ऑइल लवकर आम्लट होई, सायलेन्सर आतून खाल्ला जाई. 2010 साली बंगळूरला मिळणाऱ्या डिझेलात दहा लाखांत 50 भाग गंधकाची मर्यादा आली, 2020 साली देशभर 10. सायलेन्सर बदलायचं काम कमी झालं, मला हा बदल त्यातूनच कळला.

केंद्रीय मंडळानं 2010 च्या सुमारास सहा शहरांत धुळीचं मूळ शोधलं, त्यांत पुणे-मुंबईही होती. बंगळूरचं काम ‘टेरी’ या संशोधन संस्थेनं केलं. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीत वाहनं 42 टक्के, रस्त्यावरून उडणारी माती 20, बांधकाम आणि उद्योग प्रत्येकी 14, डिझेलचे सेट 7. सात टक्के वाचून आमच्यातले काही सुटल्यासारखे बोलले. लाल माती जड असते, ती आकडा फुगवते. बारीक कणांपुरतं पाहिलं तर सेटचा वाटा त्याहून पुष्कळ मोठा निघतो. एअर फिल्टर उघडला की हे दिसतंच. वरचा थर विटकरी, झटकला की पडतो. खालचा काळा, तो कागदात मुरलेला असतो.

1 जुलै 2023 पासून नव्या सेटना कडक नियम लागू झाले. मध्यम ताकदीच्या सेटना आता युरियाचं पाणी लागतं. त्यातून निघणारा अमोनिया नायट्रोजन-ऑक्सिजनच्या त्या वायूला मारतो. मात्रा जास्त झाली तर तोच अमोनिया बाहेर पडतो, म्हणून पुढे आणखी एक जाळी बसवतात. तळघरांतल्या जुन्या सेटना यातलं काही नाही. वीज आता पूर्वीपेक्षा कमी जाते, त्यामुळे ते वर्षाकाठी थोडेच तास चालतात. झिजत नाहीत, म्हणून बदलले जात नाहीत. आणि चालतात ते दहा-पंधरा मिनिटं, थंड इंजिनावर, म्हणजे नेमके सर्वांत जास्त काजळी सोडतात तेव्हा.