लिलावापूर्वीची विक्री

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कर्जापायी मालकाच्या हातून जाणाऱ्या घरांचा विचार करताना दामदुपटीच्या जुन्या दंडकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. साचलेले व्याज मुद्दलाहून अधिक एकावेळी वसूल करू नये, हा धर्मशास्त्राचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत इंग्रजी अमदानीतही मानला. त्यामुळे धनकोने येण्याचा काही अंश सोडावा, ही कल्पना येथे परकी नव्हती.

१८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा झाला तेव्हा ही उपनगरे ज्या बेटावर आहेत ते साष्टी बेट ठाणे जिल्ह्यात मोडत होते. न्यायालयाची पायरी न चढता गहाण मिळकत विकण्याची मुभा त्या कायद्याने मुंबई शहरात काही अटींवर दिली. शहराच्या हद्दीबाहेरील सामान्य सावकाराला मात्र दावा, हुकूमनामा आणि लिलाव अशा लांबच्या वाटेने जावे लागे. त्या अवधीत गहाण सोडवण्याचा हक्क मालकाकडे शाबूत असल्यामुळे, स्वतः गिऱ्हाईक शोधून, त्याच्या रकमेतून सावकाराची फेड करून फारखत घेण्यास त्याला वाव असे.

न्यायालयात न जाता तारण विकण्याची मुभा बँकांना देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्याने हा अवधी फार आखूड केला. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग वर्तमानपत्रांतून लिलावाची जाहिरात. आणि २०१६च्या दुरुस्तीनंतर ती जाहिरात प्रसिद्ध होताच मालकाचा सोडवणुकीचा हक्क संपतो. त्याआधीच, येण्याहून कमी रक्कम बँकेने मान्य करून मालकाला घर विकू द्यावे, अशा ज्या व्यवहाराला अमेरिकेत २००८च्या मंदीत ‘शॉर्ट सेल’ म्हणत, त्याचे आपल्याकडील रूप म्हणजे बँकेची एकरकमी तडजोड. कर्ज थकलेल्या अशा फ्लॅटची खबर दलालाकडून मिळालेल्या गुंतवणूकदाराने जाहिरातीची वाट न पाहता मालकाचे दार गाठावे, आणि बँक किती रकमेवर राजी आहे हे त्याच्यापासून दडवू नये. संकटातील माणसाच्या अज्ञानावर मिळवलेला नफा मला सर्वस्वी गर्ह्य वाटतो. बयाणा मालकाच्या हाती न देता, बँकेची लेखी संमती घेऊन, रक्कम थेट कर्जखात्यात भरावी. सोसायटीची थकबाकी आधीच लेखी मागून घ्यावी. आणि मूळ करारनामा बँकेतून सुटून तारणांच्या केंद्रीय नोंदणीतील बोजा उतरल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे समजू नये.